पाऊस थांबल्यावर पुढची काच धुरकट होत होती, ती अशी साफ झाली

नेरूळहून आम्ही दोघं गाडीने कन्याकुमारीला निघालो. पहिल्याच दिवशी खंडाळ्याच्या घाटात, पाऊस थांबल्यावर, पुढची काच धुरकट. बायकोने आतून फडक्याने पुसली, एसीचा झोत काचेवर सोडून थंडावा वाढवला. धुकं उलट दाटच झालं. पुढचा ट्रक दिसेना, जीव मुठीत धरून चालवत होतो.

शेवटी तिने काचेवर आतून बोट फिरवलं. बोट कोरडं! म्हणजे दमट हवेतली वाफ थंड काचेवर बाहेरून धरत होती. मग आधी वायपर फिरवला, लगेच झोत काचेवरून काढून तोंडाकडे वळवला, तापमान १८ वरून २५ केलं. लोणावळ्यापर्यंत काच स्वच्छ.

बोट ओलं झालं तर मात्र एसी चालू, झोत काचेवर आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद.