शनिवारची भांडणं आणि नहेम्याची भिंत

संडे स्कूलचा वर्ग माझ्या हाती आला आणि पुढचे सलग चार शनिवार रात्री आमच्या घरात भांडण झालं. कारणं सांगायचीही लाज वाटते: एकदा चावी, एकदा इस्त्री. चौथ्या रात्री मी नवऱ्याला म्हणाले, "हा सैतानाचा हल्ला आहे." तो म्हणाला, "असेल. पण तू पाठाची तयारी रात्री दहाला सुरू करतेस, त्याचं काय?"

म्हणून विरोध जाणवला की आधी वही काढा. तीन आठवडे मी रोज लिहिलं: काय बिनसलं, केव्हा, आदल्या रात्री झोप किती झाली होती. निम्म्याहून जास्त ओळी थकव्याच्या आणि माझ्या आळसाच्या निघाल्या. पाठ गुरुवारीच तयार करायला लागले तशा त्या कमी झाल्या. बायबलमधला एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर-पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला लावलं. (झोप उडाली, उदासी आठवडेच्या आठवडे हटेना, तर डॉक्टरकडे जा. त्याने विश्वास उणा होत नाही.)

उरलेल्या ओळी मात्र वेगळ्या होत्या. वर्गाला निघताना, चप्पल पायात सरकवताना, दर वेळी तेच: "तू कोण लागून गेलीस शिकवणारी?" हा आवाज कोणाचा, हे ओळखायला मला वेळ लागला. पवित्र आत्मा नेमक्या पापावर बोट ठेवतो: काल जाऊबाईंशी खोटं बोललीस, जा, माफी माग. दोष देणारा, म्हणजे सैतान, नेमकं काहीच सांगत नाही, "तू मुळातच कुचकामी" एवढंच. पहिल्याचं लगेच ऐका. दुसऱ्याशी वाद घालत बसू नका. प्रभूने ४० दिवसांच्या उपासानंतर तिन्ही मोहांना जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातल्या वचनांनीच उत्तर दिलं, तेही थोडक्यात. मी रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायाचं पहिलं वचन धरलंय: ख्रिस्तात असलेल्यांना दंडाज्ञा नाही. मोठ्याने म्हणते. मनातल्या मनात म्हटलं की ते त्या कुरकुरीतच बुडून जातं.

माणसांकडून होणारा विरोध जास्त झोंबतो. मंडळीतली एक ज्येष्ठ व्यक्ती मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "हल्ली कोणालाही शिकवायला उभं करतात." त्या आठवड्यात मी बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक वाचून काढलं. यरुशलेमची पडलेली भिंत पुन्हा उभारणारा तो. कोल्हा चढला तरी भिंत ढासळेल, अशी तोबीया नावाच्या विरोधकाने थट्टा केली. नहेम्याने प्रार्थना केली आणि पहाराही बसवला. ओनोच्या मैदानात भेटायला या, म्हणून शत्रूंकडून चार वेळा निरोप आला आणि चारही वेळा त्याचं एकच उत्तर: मी मोठ्या कामात आहे, येता येत नाही. भिंत ५२ दिवसांत उभी राहिली. तेव्हा टोमण्यांचा खुलासा दारोदार देत फिरू नका.

पण ५वा अध्याय गाळू नका. बाहेर शत्रू टपलेला आणि आत आपलेच लोक आपल्याच भावांकडून व्याज उकळत होते. नहेम्याने त्यांना सगळ्यांसमोर खडसावलं. मीही स्वतःला विचारलं, त्या बोलण्यात खरं काय आहे? माझा वर्ग दर रविवारी दहा मिनिटं उशिरा सुटायचा, हे खरं होतं. भिंतीवर घड्याळ लावलं. आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही, असं पौल इफिसकरांना लिहितो, म्हणून त्या ज्येष्ठ व्यक्तीचं नावही प्रार्थनेच्या वहीत घातलं. सुरुवातीला दातओठ खाऊनच.

नहेम्यासारखा पहारा ठेवायला, म्हणजे माझ्यासाठी प्रार्थना करायला, मला मंडळीतली एक बहीण मिळाली आहे. शनिवारी संध्याकाळी तिला फक्त "उद्या वर्ग" एवढाच मेसेज करते. अशी व्यक्ती निवडताना तिला किती वचनं पाठ आहेत हे पाहू नका, पोटात गोष्ट राहते का ते पाहा.

गेल्या शनिवारी दूध उतू गेलं आणि आमचं पुन्हा वाजलं. पाच मिनिटांनी नवरा ओटा पुसता पुसता म्हणाला, "वहीत लिही. कारण: मी."