माजी सैनिकांच्या मृत्यूच्या नोंदी रिसर्चसाठी कशा शोधायच्या (नाशिक)

आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा, माजी सैनिकांची नोंदणी तिथे असते, पण सगळेच नाव नोंदवत नाहीत त्यामुळे यादी अपुरी धरूनच चाला. संशोधन नैतिक नियमांत बसतंय का ते तपासणाऱ्या एथिक्स कमिटीचं पत्र सोबत हवंच.

मग मृत्यूची तारीख, शहरात महापालिका, खेड्यात ग्रामपंचायत, आणि नोंद मृत्यू जिथे झाला तिथेच होते, म्हणजे सिन्नरचा माणूस पुण्याच्या हॉस्पिटलात वारला तर नाशिकला शोधून काही मिळणार नाही. नुसत्या नावावर जुळवू नका, जन्मतारीख, बायकोचं नाव पण बघा.

खरी गोम कारणात आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १७ मुळे दाखल्यावर मृत्यूचं कारण देताच येत नाही, ते डॉक्टरच्या फॉर्म ४ किंवा ४ए मध्ये असतं, तो डेटा नावं वगळून राज्याच्या जन्म-मृत्यू मुख्य निबंधकांकडे लेखी मागून बघा.