अ‍ॅडव्हान्स एक्सेलच्या वर्कशॉपला येताय? आधी या चुका टाळा

मी शनिवार-रविवार एक्सेलचे वर्कशॉप घेतो, पिंपरी-चिंचवड साइडला, येणारे बहुतेक स्टोअर, पर्चेस, अकाउंट्सवाले. सकाळी ओळख करून देतानाच अर्धे जण म्हणतात, सर बेसिक सगळं येतं, एमएस-सीआयटी झालंय, डायरेक्ट मॅक्रोवर (तीच ती कामं आपोआप करून देणारा छोटा प्रोग्राम) या. आणि चहाच्या सुट्टीआधीच कळतं की फॉर्म्युला खाली ओढताना सेलचा पत्ता हलू नये म्हणून डॉलर लावतात तेच माहीत नाहीये. दर बॅचला तेच ते सांगून घसा बसलाय म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे व्हीलुकअपचा (लिस्टमध्ये कोड शोधून त्याच्या पुढची माहिती आणणारा फॉर्म्युला) कंस तीन गोष्टींवरच बंद करणं. काय शोधायचं, कुठे शोधायचं, कितवा कॉलम, झालं, एंटर. चौथी गोष्ट दिलीच नाही तर एक्सेल तिथे स्वतःच ट्रू धरतं, म्हणजे कोड सापडला नाही तर त्याच्याहून लहान अशा सगळ्यात जवळच्या कोडचं उत्तर देऊन मोकळं होतं, आणि तेही लिस्ट चढत्या क्रमाने लावलेली आहे असं गृहीत धरून. लिस्ट तशी नसेल तर काय येईल ते देवालाच ठाऊक.

माझ्या बॅचला एक मुलगा होता, कॉस्टिंगमधला, हुशार, पण हा भाग चालू असताना मोबाइलवर, कारण "हे यूट्यूबवर बघितलंय". सोमवारी साहेबांनी कोटेशन करायला दिलं. त्यात १०४५ कोडचा नवीन आयटम, रेट लिस्टमध्ये अजून चढलेलाच नव्हता. एक्सेलने काही कुरकुर न करता १०४० चा रेट उचलला, साडेबारा रुपये. खरा रेट ४१. नग २०००. मेल गेला, संध्याकाळपर्यंत पीओ (खरेदीची ऑर्डर) आली, पार्टी काही रेट बदलून द्यायला तयार नाही. ५७ हजारांचा फटका! आणि फोन कोणाला, तर मला, "सर तुमचा फॉर्म्युला चुकीचा आहे." माझा फॉर्म्युला म्हणे. व्हिडिओ कॉलवर फाइल दाखवायला लावली, तर कंस तिसऱ्यावरच बंद. चौथ्या जागी शून्य (म्हणजे फॉल्स, अचूकच शोध) असतं तर हॅश एन-ए, म्हणजे "सापडलं नाही" ही एरर, आली असती आणि हा बाबा तिथेच थांबला असता.

माझी सवय सांगतो. घराला कुलूप लावल्यावर आपण एकदा ओढून बघतो ना, तसं व्हीलुकअप लिहिला की लिस्टमध्ये नसलेला एखादा कोड मुद्दाम टाकून बघतो. एरर आली तर फॉर्म्युला बरोबर, उत्तर आलं तर गडबड आहे. एक्सलुकअपमध्ये, म्हणजे याच कामाच्या नव्या फॉर्म्युल्यात, ही भानगड नाही, तो आपणहून अचूकच शोधतो, पण तो २०१६ आणि २०१९ च्या एक्सेलमध्ये नाहीये, तेव्हा ऑफिसात कोणतं व्हर्जन आहे ते आधी बघून या, नाहीतर इथे शिकाल आणि तिथे हात चोळत बसाल.

याचीच धाकटी बहीण म्हणजे इफएरर. हॅश एन-ए दिसायला वाईट दिसतं म्हणून इफएरर लावून तिथे शून्य टाकायचं. अरे पण ती एरर काहीतरी सांगतेय ना! बऱ्याचदा कोडच्या मागे एक स्पेस चिकटलेली असते, ट्रिम लावलं की काम होतं, आणि वेब पेजवरून कॉपी केलेला डेटा असेल तर तिथली स्पेस वेगळीच असते, कॅरेक्टर १६०, ती ट्रिमने जात नाही, सबस्टिट्यूटने काढावी लागते. पाच मिनिटांचं काम आहे, पण घाई. मी पत्रक पूर्ण तपासून होईपर्यंत इफएररला हात लावत नाही. कोणी याला जुनाटपणा म्हणतं, म्हणू दे.

गप्प बसून घात करणारी फाइल किती महागात पडते ते इंग्लंडला विचारा. २०२० मध्ये तिथे कोरोनाच्या जवळजवळ १६ हजार केसेस आकड्यांतून गळाल्या, कारण डेटा जुन्या एक्सएलएस फॉरमॅटमध्ये भरत होते आणि त्यात ६५,५३६ च ओळी बसतात.

तारखांचं पण तसंच. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असेल तर ०३/०४ ची गपचूप ४ मार्च होते आणि २५/०४ नुसता टेक्स्ट म्हणून डावीकडे चिकटून राहतो, म्हणजे एकाच कॉलममध्ये दोन रोग. तारीख डावीकडे दिसली की संशय घ्या.

बाकीच्या चुका पटापट. डेटामध्ये मर्ज अँड सेंटर (सेल एकत्र जोडणं) करू नका, सॉर्ट अडतो, हेडिंग मधोमध हवंच असेल तर सेंटर अक्रॉस सिलेक्शन आहे. १६ आकडी खाते नंबर टाकण्याआधी कॉलम टेक्स्ट करा, एक्सेल १५ आकडेच धरतं, शेवटचा शून्य करून टाकतं. डेटा बदलला की पिव्हट (डेटाचा सारांश काढून देणारा तक्ता) रिफ्रेश करा, बहुतेक व्हर्जनमध्ये तो आपोआप होत नाही. मॅक्रो चालवण्याआधी फाइलची कॉपी काढा, नंतर कंट्रोल-झेड कितीही बडवा, उपयोग नाही.

आणि रिकाम्या हाताने येऊ नका. "सर रेकॉर्डिंग द्या, घरी करतो" म्हणणाऱ्यांपैकी घरी केलेला मला अजून भेटायचाय. ऑफिसातली सगळ्यात घाणेरडी फाइल आणा, जिने तुमचा महिनाअखेर खाल्लाय ती, पण नावं आणि आकडे बदलून आणा. मागे एकाने खरीखुरी पगाराची शीट तशीच प्रोजेक्टरला लावली, त्याच कंपनीतले अजून चौघं बॅचला होते, आणि पुढचा अर्धा तास पिव्हटकडे कोणाचंही लक्ष नव्हतं.