आधी अंगावर, मग कागदावर

टाकाऊ वस्तूंपासून अंगावर घालता येईल अशी कलाकृती मुलांकडून करून घ्यायची, असं पहिल्यांदा ठरलं तेव्हा मी प्रत्येकाच्या हातात कोरा कागद दिला आणि म्हटलं, "आधी डिझाइन काढा." सगळ्यांनी घेरदार झगे काढले, मुकुट काढले, पंख काढले. मग समोर रद्दी, पुठ्ठे आणि बाटल्यांची झाकणं ठेवली. चित्रातला तो घेर वर्तमानपत्राला काही केल्या येईना. तासाभरात निम्मी मुलं हिरमुसली आणि उरलेल्यांचे पंख मीच चिकटवत बसले. शेवटी जे उभं राहिलं ते माझं होतं, मुलांचं नव्हतं. या कामात नव्याने उतरणाऱ्यांनी तरी ही चूक करू नये, म्हणून हे लिहिते आहे.

आता पहिल्या तासाला पेन्सिल बाहेर येतच नाही. दोन-दोन मुलांची जोडी, प्रत्येक जोडीला वर्तमानपत्राचे चार कागद. कात्री नाही, डिंक नाही, टेप नाही. पंधरा मिनिटांत काहीतरी असं करायचं की घालून दहा पावलं चाललं तरी ते पडणार नाही. बस. मुलं आधी गोंधळतात, मग कुणीतरी कागदाच्या मधोमध भोक पाडून डोकं घालतं, कुणी पीळ देऊन दोर वळतं आणि कमरेला बांधतं. या पंधरा मिनिटांत त्यांना जे कळतं ते फळ्यावर शिकवून कळत नाही: अंगावर वस्तू टेकायला जागा मोजक्याच आहेत. डोकं, खांदे, कंबर, मनगट. बाकी सगळं यांच्यावरून लोंबतं. जड वस्तू खांद्यावर किंवा कमरेवर पेलते, मानेवर नाही.

दुसरा तास वस्तूंचा स्वभाव ओळखण्याचा. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटतं, दुसऱ्या दिशेने वेडंवाकडं. कागद दहा-बारा वेळा चुरगाळून उलगडला की कापडासारखा मऊ पडतो आणि अंगाला बिलगतो. त्याच कागदाला पंख्यासारख्या घड्या घातल्या की ताठ उभा राहतो. पन्हळी पुठ्ठा पन्हळी उभ्या धरून वळवला की सहज गोल होतो, आडव्या धरून वळवला की मोडतो. म्हणून कंबरपट्टा बेतताना पन्हळ उभी ठेवायची. हे मी सांगत नाही. दोन्ही प्रकारचे तुकडे हातात देते आणि गोल करायला सांगते. मोडलेल्या छत्रीचं कापड तर खजिनाच आहे. काड्या काढून टाकल्या की त्रिकोणी पाकळ्यांचा शिवून तयार असलेला घेर हाती येतो. मधलं भोक मोठं केलं की खांद्यावरची झूल, आणखी मोठं केलं की परकर.

सगळ्यात जास्त वेळ मी देते तो जोडणीला. नवीन शिक्षक इथेच अडखळतात, कारण डिंक हाताशी असतो. डिंकाने चिकटवलेलं भिंतीवर टिकतं, अंगावर टिकत नाही. माणूस वाकतो, बसतो, हात वर करतो आणि ताठ चिकटवलेला जोड नेमका तिथे सुटतो. जोड हलता हवा. भोकं पाडून सुतळी ओवणं, खाचेत खाच अडकवणं, कागदाच्या क्लिपा एकात एक गुंतवणं, पट्ट्या विणणं, हे सगळं आधी, डिंक शेवटी. पुठ्ठ्याला किंवा जाड कागदाला भोक पाडायचं असेल तर त्या जागी दोन्ही बाजूंनी टेप लावून मगच पाडायचं, म्हणजे दोरा ओढला तरी फाटत नाही.

पाको राबान या फॅशन डिझायनरची गोष्ट मी इथे सांगते. 1966 मध्ये पॅरिसमध्ये त्याने बारा पोशाख दाखवले आणि ते ‘न घालण्याजोगे’ आहेत असं स्वतःच जाहीर केलं. प्लॅस्टिकच्या नि धातूच्या चकत्या, त्यांना भोकं, आणि भोकांत धातूच्या कड्या. सुईच्या जागी पक्कड. मुलांना हे ऐकून हुरूप येतो, कारण प्लॅस्टिकच्या बाटलीचे गोल तुकडे आणि क्लिपा त्यांच्यासमोरच पडलेल्या असतात.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र मी सूट देत नाही. प्लॅस्टिकची पिशवी डोक्यावर घ्यायची नाही, गंमत म्हणूनही नाही. नाक, तोंड, डोळे मोकळे. गळ्याभोवती येणारी कुठलीही गोष्ट गाठीने बांधायची नाही. ओढली की सुटेल असा वेल्क्रो किंवा कागदी टेप लावायचा. गरम डिंकाची बंदूक मोठ्यांच्याच हातात, कारण त्या डिंकाने चांगलंच भाजतं. बटणासारखे छोटे सेल मी सामानात ठेवतच नाही. गिळले तर जिवावर बेततं. कापलेल्या बाटलीच्या कडांना टेप लावल्याशिवाय ती अंगाजवळ न्यायची नाही. आणि माप घेताना मुलांनी सुतळीने स्वतःचं घ्यावं, किंवा जोडीदाराने आधी विचारून घ्यावं. अंगाला हात लावण्याआधी विचारायचं, ही सवयही याच वर्गात लागते.

चित्र येतं ते तिसऱ्या-चौथ्या तासाला. तोवर हातांना वस्तू माहीत झालेली असते, त्यामुळे चित्रातही तीच दिसते: इथे घडी, इथे खाच, इथे गाठ. लहान मुलांना, म्हणजे सहा-सात वर्षांच्यांना, पूर्ण पोशाख देऊ नका. टोपी, मनगटबंद किंवा खांद्यावरची एखादी वस्तू पुरे. दहाच्या पुढची मुलं आधी पाण्याच्या बाटलीवर छोटा नमुना करून पाहतात, मग स्वतःच्या मापाचा.

"छान झालंय" म्हणणं मी जाणूनबुजून सोडलं आहे. त्याऐवजी विचारते, "यात बसता येतं का? दारातून जाता येतं का? हात वर केल्यावर काय होतं?" एका मुलीने पाठीवर पुठ्ठ्याचे रुंद पंख बांधले होते, दारात अडकले. मी गप्प राहिले, आणि गप्प राहणं कठीण होतं. तिने पंख पंख्यासारखे दुमडले आणि दोरी ओढली की उघडतील असे केले. मला ते सुचलं नसतं.

आवाजाचाही विचार करायला सांगा. निक केव्ह या अमेरिकन कलाकाराने 1992 मध्ये वाळक्या काटक्या जोडून एक पोशाख केला; घालून हलल्यावर त्या वाजू लागल्या आणि त्यातून त्याचे ‘साउंडसूट’ सुरू झाले. झाकणांची झालर लावलेलं मूल चालायला लागलं की सगळा वर्ग माना वळवतो. त्यानंतर मुलं वस्तू उचलली की आधी कानाशी नेऊन हलवतात.

सादरीकरण छोटं ठेवा. न्यूझीलंडमधल्या नेल्सनजवळ सूझी मॉनक्रिफने 1987 मध्ये अंगावर घालायच्या कलेची स्पर्धा सुरू केली, ती आज फार मोठी झाली आहे, पण मुलांना एवढ्या झगमगाटाची गरज नसते. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, मध्ये एकदा बसून उठायचं, आणि कुठला जोड सर्वांत अवघड गेला ते सांगायचं. मग पोशाख सोडवायचे. क्लिपा डब्यात, सुतळी गुंडाळून, पुठ्ठे एकावर एक. ज्याला मोडवत नाही त्याने तो अंगावर घालूनच घरी जावं.