पीडीएमएसवर पेशी धरत नसतील तर

पीडीएमएस म्हणजे एक सिलिकॉन रबर. पेशी थेट अशा पदार्थाला चिकटत नाहीत. त्याच्यावर आधी बसलेल्या प्रथिनांच्या थराला चिकटतात, त्यामुळे सगळी मेहनत त्या थरासाठी. पीडीएमएस पाणी झटकतो, त्याचा स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन) ११० अंशांच्या आसपास असतो. अशा पृष्ठभागावर सीरममधला अल्ब्युमिन आधी जागा पकडतो आणि सहसा सोडत नाही. फायब्रोनेक्टिन, म्हणजे पेशी ज्याला धरतात तो प्रथिन, बसलाच तरी त्याची घडी बिघडते आणि पेशींच्या इंटेग्रिनला (पेशीवरच्या पकड घेणाऱ्या प्रथिनांना) धरायची जागा झाकली जाते.

पीडीएमएसचा बेस आणि त्याला घट्ट करणारा क्युरिंग एजंट वजनाने १०:१ घ्या, ७० अंशांवर ४ तास ठेवा. तुकडे रात्रभर इथेनॉलमध्ये बुडवून नीट वाळवा. न जुळलेल्या काही साखळ्या निघून जातात. या साखळ्या राहिल्या की पुढे पृष्ठभागावर येतात आणि पुढच्या पायरीतल्या प्लाझ्माचं काम पुसून टाकतात.

पृष्ठभाग पाणी धरणारा व्हावा म्हणून ऑक्सिजन प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) ३० ते ६० सेकंद पुरे. जास्त दिल्यास वर काचेसारखी कडक, भेगाळणारी साय धरते. ५ मायक्रोलिटर पाण्याचा थेंब लगेच पसरला तर जमलं. यापुढे घड्याळ चालू असतं: हवेत ठेवलेला तुकडा काही तासांत पुन्हा पाणी झटकू लागतो. फायब्रोनेक्टिनचा लेप लगेच द्या, नाहीतर तुकडा निर्जंतुक पाण्यात बुडवून ठेवा.

२४-वेल प्लेटच्या एका वेलचं क्षेत्रफळ साधारण १.९ चौ. सेंमी. पीबीएसमधलं (क्षारांचं बफर द्रावण) १० मायक्रोग्रॅम प्रति मिलि फायब्रोनेक्टिन ३०० मायक्रोलिटर घातलं की दर चौ. सेंमीला जास्तीत जास्त १.६ मायक्रोग्रॅम मिळतं. ३७ अंशांवर १ तास. फायब्रोनेक्टिनची बाटली व्हॉर्टेक्सवर (जोरात हलवणाऱ्या यंत्रावर) कधीही धरू नका, प्रथिनाचे तंतू होऊन तळाशी बसतात. पीबीएसने दोनदा धुवा, पण मधे वेल कोरडी पडू देऊ नका.

पेशी सोडवायला वापरलेलं ट्रिप्सिन (प्रथिनं तोडणारं विकर) थांबवून पेशी सेंट्रिफ्यूज करा. उरलेलं ट्रिप्सिन लेपही खातं. मग प्रति चौ. सेंमी १५,००० पेशी टाका, पहिला तास सीरमविना. फायब्रोब्लास्ट तासाभरात चपटे होऊ लागतात. तुलनेसाठी सोबत एक लेप नसलेली पीडीएमएस वेल आणि एक साधी कल्चर वेल हवीच. तिन्हीकडे पेशी गोलच राहिल्या, तर दोष पेशींत किंवा ट्रिप्सिनमध्ये शोधा.

दोन-तीन दिवसांनी थर चादरीसारखा सुटत असेल, तर नुसतं बसलेलं प्रथिन पेशींच्या ओढीला पुरत नाही. तेव्हा प्लाझ्मानंतर एपीटीईएस (पृष्ठभागावर अमाइन गट बसवणारं सिलेन), मग त्या गटांना प्रथिन जोडणारं ग्लुटाराल्डिहाइड लावून प्रथिन रासायनिक बंधाने बांधा. धुण्यात मात्र कंजुषी नको, उरलेलं ग्लुटाराल्डिहाइड पेशी मारतं.