भाताला पाणी आलटून-पालटून देताना या चुका टाळा

भाताचं खाचर सतत तुंबवून न ठेवता अधूनमधून सुकू द्यायचं आणि मग पुन्हा पाणी द्यायचं, अशी ही पाणी वाचवायची पद्धत. पण खाचरातलं पाणी आटलेलं दिसलं की हात आपोआप पंपाच्या बटणाकडे जातो. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. वर कोरडं दिसलं तरी खाली मुळांना पाणी मिळत असतं. ते डोळ्यांनी पाहायला 30 सेंमी लांबीचा, खालच्या भागाला भोकं पाडलेला पाइप खाचरात रोवा, वरचा 10 ते 15 सेंमी भाग बाहेर ठेवा आणि आतला चिखल काढून टाका. पाइपातलं पाणी जमिनीच्या 15 सेंमी खाली उतरलं की मगच पाणी सोडा, तेही 5 सेंमी उभं राहील इतकंच.

पाइप बांधाला खेटून लावू नका. सपाट जागा निवडा. खाचरात पाणी असताना पाइपाच्या आतली आणि बाहेरची पातळी सारखी नसेल, तर भोकं चिखलाने बुजली आहेत. पाइप काढून धुवा. जमीन मुळातच उंचसखल असेल तर एका पाइपवर विसंबू नका; उंचवट्याला भेगा पडतात तेव्हा खोलगट भागात पाणी साचलेलंच असतं. मोठ्या भेगा पडू देणं धोक्याचं, कारण नंतर दिलेलं पाणी त्यांतून सरळ खाली जातं आणि बचत तिथेच संपते.

लावणीनंतर पहिले दोन आठवडे सुकवू नका, तण माजतं. फुलोऱ्याच्या आधी आणि नंतर एकेक आठवडा पाणी उभंच हवं. इथे हयगय केली तर लोंब्या पळंज राहतात, म्हणजे दाणा भरत नाही. खारवट जमिनीत तर हा प्रयोग करूच नका, पाणी आटलं की क्षार वर येतात.

युरियाबाबत मात्र खूपजण चुकतात. सतत तुंबलेल्या चिखलात हवा नसते, म्हणून तिथले सूक्ष्मजीव मिथेन हा हवामान तापवणारा वायू तयार करतात. जमीन अधूनमधून सुकवली की तो निम्म्याच्या आसपास कमी होऊ शकतो. पण ओल-सुकीच्या या फेऱ्यांत युरियातल्या नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो आणि हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापवणारा आहे. म्हणून युरिया गरजेपुरताच, थोडाथोडा विभागून, पाणी सोडण्याच्या अगदी आधी सुकलेल्या मातीवर टाका. मग तो पाण्याबरोबर मुळांपाशी उतरतो.