प्रत्यक्ष कर की अप्रत्यक्ष कर : ओळखताना या चुका टाळा

सरकारकडे पैसे कोण भरतो, एवढ्यावरच कराचा प्रकार ठरवणे ही सर्वांत मोठी चूक असून इंदूरमधल्या नोकरदारांपासून सियागंजातल्या व्यापाऱ्यांपर्यंत ती सर्रास होते. साठ वर्षांखालील एखाद्या ठेवीदाराचे पासबुक घ्या. मुदत ठेवीवर वर्षात ६०,००० रुपये व्याज झाले आणि त्यातून बँकेने १० टक्क्यांप्रमाणे ६,००० रुपये टीडीएस (व्याज देतानाच कापून सरकारकडे भरला जाणारा कर) कापला. त्याच पानावर लॉकरच्या ३,००० रुपये भाड्यावरील १८ टक्के जीएसटीचे ५४० रुपयेही वजा झालेले दिसतात. दोन्ही रकमा बँकेनेच भरल्या, म्हणून दोन्ही अप्रत्यक्ष, असा समज होतो. वस्तुतः टीडीएस हा ठेवीदाराचा आयकरच, म्हणजे प्रत्यक्ष कर होय. तो त्याच्या पॅनवर जमा होतो आणि वर्षाचा एकूण कर त्याहून कमी निघाल्यास विवरणपत्र भरून परत मागता येतो. लॉकरवरचे ५४० रुपये मात्र सेवेवरील, म्हणजे अप्रत्यक्ष कराचे असल्याने ते आयकरातून वजा होत नाहीत. आयकर पोर्टलवर टीडीएस दिसत नसेल, तर विवरणपत्र भरण्याची घाई न करता बँकेकडे नोंदवलेला पॅन आधी तपासावा.

‘जीएसटी भरतो, मग आयकर कशाला?’ हा प्रश्न दुकानदारांकडून हमखास येतो. जीएसटी विक्रीवर लागतो, आयकर नफ्यावर. एक भरल्याने दुसरा चुकत नाही. शिवाय पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांकात मध्य प्रदेशाच्या २३ या राज्य संकेतांकानंतर व्यापाऱ्याचा पॅनच असतो, त्यामुळे दोन्हीकडे दाखवलेल्या उलाढालीतील तफावत फार काळ झाकून राहत नाही.

‘भार दुसऱ्यावर ढकलता आला तर अप्रत्यक्ष’ ही पाठ्यपुस्तकी व्याख्या परीक्षेपुरती ठीक आहे. पण घरमालकाने मालमत्ता कर वाढला म्हणून भाडे वाढवले, तरी तो कर प्रत्यक्षच राहतो. उलट कंपोझिशन योजनेतील (लहान व्यापाऱ्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना) व्यापाऱ्याला ग्राहकाकडून वेगळा कर घेण्यास मनाई असून तो आपल्याच खिशातून भरावा लागतो, तरी तो अप्रत्यक्षच. कर कशावर बसतो, उत्पन्नावर व मालमत्तेवर की खरेदी-विक्रीवर, हे पाहणे अधिक भरवशाचे. शेअर व्यवहारांवरील एसटीटी तेवढा प्रत्यक्ष करांत मोडतो. तो अपवाद समजावा.

विवरणपत्र न भरणारा कर देतच नाही, हेही खरे नाही. बंद पाकिटातील शेवेवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे आणि तो विद्यार्थ्याला व कारखानदाराला सारखाच लागतो. पाकिटावरील कमाल किंमत सर्व करांसहित असते. २१० रुपयांच्या पाकिटात १० रुपये कर आधीच धरलेला असल्याने त्यावर पुन्हा ५ टक्के लावून कोणी २२०.५० रुपये मागितले, तर ते देऊ नयेत.